अध्यक्षताईंचं टेन्शन आणि गटाचा खांदा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या सगळ्या ताई, मावशी, वहिनींना आम्हा बचत गट समन्वयिकांचा रामराम.

आज आपण टेन्शनबद्दल बोलणार आहोत. पुस्तकात त्याला ताणतणाव म्हणतात, पण गटाच्या बैठकीत तसं कुणी म्हणत नाही. कुणी म्हणतं, "डोक्याला ताप झालाय." कुणी म्हणतं, "छातीत धडधडतंय, अन्न गोड लागत नाही." आणि हे बोलणं बहुतेक वेळा बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात होतं. बोलणारी बहुतेक वेळा गटाची अध्यक्ष असते, सचिव असते, नाहीतर स्वतःचा पापड-मसाल्याचा, खानावळीचा, शेळ्यांचा धंदा चालवणारी बाई असते. म्हणजे जिच्याकडे बाकीच्या आधारासाठी बघतात, तीच.

एक गोष्ट सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एकीची नाही, अनेकींची आहे. एका गटाच्या अध्यक्षताई वर्षभर सगळ्यांत आधी बैठकीला यायच्या. वसुली चोख, वही टापटीप. मग दोघी सदस्यांचे हप्ते थकले. ताईंनी गटाचं नाव खराब होऊ नये म्हणून पहिल्या महिन्यात स्वतःचे पैसे घातले. दुसऱ्या महिन्यात दीराकडून उसने आणले. तिसऱ्या महिन्यात कानातलं गहाण ठेवलं. घरात कुणाला पत्ता नाही, गटात कुणाला पत्ता नाही. आणि आम्ही काय केलं? बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा, अध्यक्ष असावी तर अशी! एक हप्ता चुकला नाही." त्यानंतर त्यांना खरं सांगणं आणखी अवघड झालं. चौथ्या महिन्यात त्यांनी बैठकीला येणंच सोडलं. घरी गेलो तेव्हा कळलं की दोन महिने त्यांना रात्रीची झोप नाही. आमच्या कौतुकानं त्यांचं ओझं वाढवलं होतं. ही आमची चूक. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी हे समजून घेऊ की पुढारपण करणाऱ्या बाईचं टेन्शन वेगळं का असतं. शेतावर मजुरीला गेलेली बाई संध्याकाळी दमते, पण काम बांधावर ठेवून घरी येते. गट किंवा धंदा चालवणारी बाई काम डोक्यात घेऊन घरी येते. पैसा दुसऱ्यांचा, सही आपली. जबाबदारी आहे पण पगार नाही. नियम पाळायला लावायचे आहेत, आणि ज्यांना लावायचे त्या जावा, नणंदा, शेजारणी आहेत. उद्या त्यांच्याच घरी हळदीकुंकवाला जायचं आहे. वर "बाई पुढारी झाली" हे बोलणं ऐकायचं ते वेगळंच.

त्यात आपल्या भागाचं स्वतःचं असं काही आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव आपल्या हातात नाही. आठवा २०२३ साल. जुलै महिन्यात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला आणि सप्टेंबरपर्यंत तोच भाव कोसळला. हप्ता मात्र जुलैत जेवढा तेवढाच सप्टेंबरात. पश्चिम पट्ट्यात हिरड्यावर घर चालतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि घरांचे पत्रे उडाले, हिरड्याची झाडं मोडली. उसाच्या गावांत बिबट्याच्या भीतीनं संध्याकाळची बैठक दुपारी घ्यावी लागते, म्हणजे मजुरीचा अर्धा दिवस बुडतो. आणि भीमाशंकरच्या बाजूला पावसाच्या रात्री झोप उडणाऱ्या बाया आम्हाला भेटतात. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसं गेली. ते ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांचं मन पावसाच्या आवाजानं सावध होतं. याला मनाचा दुबळेपणा म्हणू नका. शरीर आपल्याला जपायला बघत असतं.

टेन्शन आलं की शरीरात काय होतं? समोर बिबट्या आला असं समजा. शरीर एका क्षणात तयारी करतं. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, हातापायांकडे रक्त जातं, पोटाचं काम मंदावतं. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल नावाचे स्राव रक्तात मिसळतात. ही तयारी पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते, थोड्या वेळासाठी असते. बिबट्या गेला की शरीर निवतं. पण बँकेच्या फोननंसुद्धा शरीर तशीच तयारी करतं, आणि हप्त्याची काळजी काही बिबट्यासारखी निघून जात नाही. महिनोन् महिने शरीर तयारीतच राहतं. मग झोप तुटते, डोकं दुखतं, पित्त होतं, मान-पाठ धरते, पाळी मागेपुढे होते, मुलांवर हात उगारला जातो, साधी बेरीज चुकते. वहीतली चूक वाढली की आम्ही म्हणायचो, "लक्ष नाही." आता आम्ही आधी विचारतो, "ताई, झोप होते का?"

इथे एक गोष्ट महत्त्वाची. प्रत्येक थकवा टेन्शनचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं की दम लागतो, धडधडतं, चिडचिड होते, काही सुचत नाही. थायरॉईडचं आणि पाळी जाण्याच्या वयाचंही तसंच. म्हणून "मला टेन्शन आहे" असं ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. औषधानं बरं होणारं दुखणं स्वभावाच्या माथी मारू नका.

आता दुसरी समजूत तपासू. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचं मोठं कौतुक होतं. नारायणगाव म्हटलं की विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव येतं. त्या तमाशा सम्राज्ञी. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या. फड चालवणं म्हणजे मोठा धंदाच. कलाकार, वादक, गाड्या, तंबू, सुपाऱ्या, सगळ्यांच्या पोटाची काळजी. त्यांची एक गोष्ट आपल्या भागात घरोघर सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या, मध्येच तंबूमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. ऐकताना अंगावर काटा येतो. पण मैत्रिणींनो, ही गोष्ट सांगताना आपण तिचा शेवट सांगत नाही. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या, आणि त्यांचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. जिनं एवढ्यांना पोसलं, तिच्या मागे आधार उभा नव्हता. त्यांच्या धैर्यापुढे हात जोडूच. पण आपल्या गटातल्या बाईला तंबूमागे एकटीनं नाळ तोडायची वेळ येऊ नये, हे बघणं आपलं काम आहे. सोसणं वेगळं आणि तग धरणं वेगळं. वेल तग धरते ती मांडवाच्या आधारानं. आधार नसेल तर चांगली वेलही जमिनीला लागते.

तर हा मांडव कसा घालायचा? आम्ही गटांबरोबर काम करताना जे उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिलं, काळजी कागदावर उतरवा. एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात जे माझ्या हातात आहे ते. दुसऱ्यात जे गटाच्या किंवा घरच्यांच्या हातात आहे ते. तिसऱ्यात जे कुणाच्याच हातात नाही ते. टोमॅटोचा भाव तिसऱ्या रकान्यात. थकलेली वसुली दुसऱ्या रकान्यात, कारण ती गटाची आहे, एकट्या अध्यक्षाची नाही. बँकेत जाऊन शिल्लक विचारणं पहिल्या रकान्यात. रात्री दोन वाजता डोक्यात फिरणाऱ्या दहा काळज्यांपैकी पहिल्या रकान्यात दोन-तीनच उतरतात. त्या उद्या सकाळी करायच्या. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, नाहीतर मैत्रिणीला सांगून बोटांवर मोजा.

दुसरं, पैशाच्या तीन पिशव्या. घराची, धंद्याची आणि गटाची. एकीतला पैसा दुसरीत गेला की टेन्शन सुरू होतं, कारण मग नक्की तोटा कुठे आहे तेच कळत नाही. एक हिशेब करून बघू. समजा दहा जणींच्या गटाचा बँकेचा हप्ता महिन्याला १३,५०० रुपये आहे. म्हणजे प्रत्येकीचे १,३५०. दोघी चुकल्या तर २,७०० चा खड्डा. तो एकट्या अध्यक्षताईंनी भरला तर त्यांचं घर हलतं. उरलेल्या आठ जणींनी वाटून घेतला तर प्रत्येकीला साधारण ३३८ रुपये. आणि आधीपासून प्रत्येकीनं महिन्याला ५० रुपये अडीअडचणीसाठी वेगळे टाकले असते, तर वर्षाला ६,००० जमले असते. म्हणजे असा खड्डा वर्षातून दोनदा बुजवता आला असता आणि कुणाचं कानातलं गेलं नसतं. भरलेले पैसे त्या दोघींकडून पुढे वसूल करायचेच आहेत, पण शांत डोक्यानं, ठराव करून.

गटातल्या सगळ्याजणी एकाच पिकावर असतील तर मात्र सावध राहा. भाव पडला की दहाही जणी एकदम अडचणीत येतात, मग कुणी कुणाला सावरायचं? दोघी-तिघींचं दूध, दोघींचं शिवण, एकीचं किराणा दुकान असं असलं तर गट तगतो. आणि विमा विसरू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाताचा २ लाखांपर्यंतचा विमा मिळतो. जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा. बँकेच्या खात्यातून पैसे कापले गेले का, ते पासबुकात बघा.

तिसरं, नियम आधी करा, चेहरा मागून बघा. कुणाचा हप्ता चुकला तर काय करायचं, हे कुणाचाच चुकलेला नसताना ठरवा. पहिल्या महिन्यात दंड किती, दुसऱ्या महिन्यात घरी कोण दोघी जाणार, घरात आजारपण किंवा मयत असेल तर सवलत किती, हे सगळं इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. मग वेळ आली की अध्यक्षाला भांडावं लागत नाही. तिनं फक्त वही उघडायची. "मी म्हणत नाही गं, आपण सगळ्यांनी ठरवलंय" एवढं म्हणता आलं तरी निम्मं ओझं उतरतं. जावेशी संबंधही टिकतात.

चौथं, काम वाटा. बँकेत एकीनं जायचं, वही दुसरीनं लिहायची, वसुलीला दोघींनी जायचं, ग्रामसंघाच्या बैठकीला आळीपाळीनं जायचं. पुष्कळ अध्यक्षताई म्हणतात, "त्यांना जमत नाही, मलाच करावं लागतं." पहिल्या दोन वेळा चुका होतील, होऊ द्या. ठरावीक काळानं पदं बदलायची तीही याचसाठी. पद सोडणं म्हणजे हरणं नव्हे. माजी अध्यक्ष असलेली बाई नवीला बँकेचा रस्ता दाखवते, तेव्हा गटात दोन पुढारी तयार झालेल्या असतात.

पाचवं, बँकेपासून लपू नका. भारतात बचत गट बँकेला जोडण्याचं काम नाबार्डनं १९९२ मध्ये सुरू केलं. ते उभं राहिलं ते गटाच्या शब्दावर, तारणावर नाही. हप्ता चुकणार हे दिसत असेल तर चुकायच्या आधी शाखेत जा. एकटी जाऊ नका, तिघी जा. वही न्या, अडचण सांगा, कधी आणि किती भरू शकता ते सांगा, शक्य तर लेखी द्या. आधी सांगितलेली अडचण आणि मागून सापडलेली थकबाकी यांत मोठा फरक असतो.

गटाबाहेर मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेल्या बहिणींसाठी दोन गोष्टी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कर्जदार कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त होतील असं कर्ज देता येत नाही. आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला परवानगी नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं याला तर अजिबात नाही. असं झालं तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर माहिती घेऊन लोकपालांकडे जाता येतं. कर्ज फेडायचं आहेच. पण कर्ज घेतलं म्हणून मान विकलेला नाही. आणि एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढायची वेळ आली, की तिथेच थांबा आणि गटात बोला.

सहावं, शरीराचं कर्ज वेळेवर फेडा. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई धंदा सांभाळू शकत नाही. भाकरी, पालेभाजी, मटकी-हुलग्याची उसळ, वर लिंबू पिळून, पोटभर खा. जेवणाला लागूनच चहा घेऊ नका. अन्नातलं लोह अंगी लागत नाही. संध्याकाळनंतरचा चहा झोप घालवतो. हप्त्याचे, हिशेबाचे फोन आणि व्हॉट्सॲप रात्री आठनंतर बंद, असं गटानंच ठरवा.

धडधडायला लागलं तर एक सोपा उपाय. भिंतीला टेकून बसा, पाय जमिनीवर टेकवा. मनात चार मोजेपर्यंत नाकानं श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडा. चुलीवर फुंकर घालतो तसा जोरात नाही, गरम दूध निववतो तसा हळू. पाच मिनिटं करा. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की हृदयाची गती उतरते, शरीराला निरोप मिळतो की बिबट्या गेला. याने कर्ज फिटत नाही. पण डोकं ताळ्यावर येतं, आणि ताळ्यावरच्या डोक्यानं बँकेत बोलता येतं.

आता गटातल्या बाकीच्या मैत्रिणींसाठी. बैठकीची शेवटची दहा मिनिटं हिशेबाशिवाय ठेवा. हजेरी, बचत, वसुली झाली की वही मिटायची आणि विचारायचं, "कुणाला काही बोलायचंय का?" पहिल्या महिन्यात कुणी बोलणार नाही. आम्ही हे सुरू केलं तेव्हा एका गटात तीन बैठका नुसत्या शांततेत गेल्या. चौथ्या वेळी सगळ्यांत थोरल्या मावशी बोलल्या, आणि मग बाकीच्या. नियम दोनच. इथलं बोलणं इथेच राहील. आणि बोलणारीला सल्ला द्यायची घाई करायची नाही. "माझ्याकडे बघ, मी किती सोसलं" हे तर मुळीच म्हणायचं नाही. नुसतं "मग काय केलंस गं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

घरातल्या माणसांनाही एक सांगणं. घरची बाई गट चालवते म्हणजे घरात पैसा आणते. मग बैठकीच्या दिवशी स्वयंपाक कुणी करायचा, गाईची धार कुणी काढायची, हे मालकांनी, मुलांनी ठरवायला नको का?

एवढं करूनही कधी कधी भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशातच मन लागत नाही, सारखं रडू येतं, मी ओझं झाले असं वाटतं, जगू नये असं वाटतं, तर ही वेळ एकटीनं सोसायची नाही. १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. चोवीस तास चालू, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. आपल्या गटातली कुणी असं बोलली तर "वेडी आहेस का" म्हणून उडवून लावू नका. तिच्याजवळ बसा, तिला एकटी सोडू नका, क्रमांक तुम्ही लावून द्या. घरात कीटकनाशकाचे डबे असतात. ते कुलपात ठेवा. आणि मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे.

सुरुवातीच्या ताईंचं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही घरी जाऊन आधी माफी मागितली. मग त्यांच्या परवानगीनं गटाला खरं सांगितलं. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक सदस्य म्हणाली, "आम्हाला सांगितलं का नाहीस? आम्ही काय परक्या आहोत?" थकलेल्या दोघींपैकी एकीच्या घरी आजारपण निघालं, दुसरीच्या टोमॅटोला भाव नव्हता. हप्ते वाटून घेतले, ठराव झाला, सहा महिन्यांत दोघींनी पैसे परत केले. कानातलं सोडवून आणलं. ताई आता अध्यक्ष नाहीत; वही लिहितात. झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, पण आरोग्य केंद्रातल्या गोळ्या चालू आहेत आणि बैठकीला त्या पुन्हा सगळ्यांत आधी येतात.

तर येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या अध्यक्षताईंना सगळ्यांसमोर नाही, जरा बाजूला घेऊन विचारा, "ताई, तुमच्या स्वतःच्या पैशातून तर काही भरलं नाही ना?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.